निंबा कोतवालाने मागे घेतलेली दवंडी

माझ्या नावावर आजवर पाच-सातशे बातम्या छापून आल्या असतील, आणि त्यातल्या शंभरेक तरी ‘नागरिकांनी सतर्क राहावे, असे आवाहन करण्यात आले आहे’ या वाक्याने संपतात. ते वाक्य आता कुठं दिसलं की मी पान उलटतो. कोणी केलं आवाहन, कोणाला केलं, ते लिहायचंच नसतं. लिहिलं की कोणाला तरी जबाब द्यावा लागतो.

मी पितांबर. धरणगावच्या बाजाराला जी गावं जातात, त्यातल्या एका गावचा. बसथांब्याजवळ फ्लेक्स छापायचं दुकान आहे आणि ‘दैनिक गिरणाकाठ’चा बातमीदार आहे. बातमीचा पगार नाही, जाहिरात मिळवून दिली तर कमिशन. म्हणजे ज्याची जाहिरात त्याची बातमी. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं मी जो घाणेरडेपणा केला, तो भोळेपणाने केला असं कोणी समजू नये.

पण सांगायचंय ते निंबा नानाबद्दल.

निंबा नाना आमच्या गावचा कोतवाल. हल्ली कागदावर ‘महसूल सेवक’ असं भारदस्त नाव आलंय, पण काम तेच. तलाठ्याची बॅग धरायची, नोटिसा वाटायच्या, पंचनाम्याला साक्षीदार गोळा करायचे आणि दवंडी द्यायची. बत्तीस वर्षं. अंगाने काटक, डोक्यावर टोपी, काखेत डफडं. शिक्षण चौथी. आणि एक खोड अशी की जे स्वतःला समजलं नाही ते नाना गावाला सांगत नसे. कागद आला की तो घेऊन तलाठ्याकडे जायचा, मास्तरांकडे जायचा, नाहीतर माझ्या दुकानात येऊन बसायचा. “हाई काय शे ते माले आधी सांग,” म्हणायचा. एकदा डोक्यात बसलं की कागद घडी करून खिशात, आणि मग चावडी, मारुतीचा पार, शाळेचं फाटक, शेवटी भिल्लांची भिलाटी, अशा चार ठिकाणी थांबून आपल्या अहिराणीत सांगायचा. लोक हातातलं काम सोडून ऐकायचे.

ऐकायचे म्हणजे किती? सहा-सात वर्षांपूर्वी मोबाईलवर मुलं पळवणाऱ्या टोळीचे व्हिडिओ फिरत होते. चाळीसगावकडचा एक भांडी विकणारा आमच्या गावात आला, आणि पंधरा मिनिटांत शे-दीडशे माणसं काठ्या घेऊन त्याच्याभोवती. मी तिथं होतो, मोबाईलवर शूटिंग करत होतो, दुसरं काही करत नव्हतो. नाना गर्दीत घुसला, त्या माणसाशी बोलला, त्याच्या सासुरवाडीला फोन लावला, आणि डफडं वाजवून म्हणाला, “मी चवकशी करी. हाऊ मानूस भांडावाला शे.” एवढंच. लोक पांगले. त्या दिवशी टीव्हीवर ‘समाजमाध्यमांवरील अफवांचा राष्ट्रीय धोका’ यावर चार सूटवाले ओरडत होते. एक माणूस वाचला तो नानाच्या शब्दामुळे, पण ती बातमी काही झाली नाही. मी पाठवलीच नव्हती. मेला असता तर पाठवली असती.

गेल्या वर्षी ‘डिजिटल कवच’ नावाचं अभियान आलं. गाव सायबर सुरक्षित करायचं. त्याचं पत्रक घेऊन नाना दुकानात आला. मी वाचून दाखवलं: ‘सायबर अवकाशातील वाढत्या धोक्यांच्या पार्श्वभूमीवर डिजिटल नागरिकांची सायबर प्रतिकारक्षमता वृद्धिंगत करण्याच्या अनुषंगाने...’

“थांब,” नाना म्हणाला. “हाई अवकाश कोठे शे?”

तीन बातम्यांत मी हा शब्द वापरला होता, चौथीत ‘डिजिटल सीमेवर सायबर योद्धे सज्ज’ असंही ठोकून दिलं होतं. सीमा कुठली, योद्धे कुठले, डोंबल माहीत मला! वरून आलेली प्रेसनोट खाली उतरवायची, सोबत तो ठरलेला फोटो लावायचा. काळं टोपडं घातलेला, तोंड नसलेला माणूस लॅपटॉपसमोर बसलाय. वैशाखात आमच्याकडे अंगावर बनियन सहन होत नाही, आणि चोर म्हणे टोपडं घालून बसतो.

नाना काही उठेना. “चोर येस कोठून ते सांग ना,” म्हणाला. मग मी सांगितलं साध्या भाषेत. बँकेतून बोलतोय, सरकारातून बोलतोय म्हणत फोन येतो, मोबाईलवर सहा आकडे येतात, ते आकडे सांगितले की घर उघडलं. नानाने तीनदा विचारून घेतलं. साहेबाने मागितले तर? नाही द्यायचे. सरपंचाने? नाही. ओळखीच्या माणसाने? नाही म्हटलं ना नाना, कोणालाच नाही!

दुसऱ्या दिवशी त्याने दवंडी दिली. मी रेकॉर्ड केलेली आहे, अजून माझ्याकडे आहे. “आयका हो आयका! तुमना मोबाईलवर सहा आकडा येतस. ती तुमना घरनी किल्ली शे. कोनलेच देऊ नका. साहेबले नका, सरपंचले नका. मी सोता मांगाले उनू, तरी माले बी देऊ नका!”

सांगतो तुम्हाला, आजवर या विषयावर जेवढी भाषणं, परिसंवाद, जाहिराती मी पाहिल्या, त्यात या एका मिनिटाच्या तोडीचं काही नव्हतं. मी स्वतः मागायला आलो तरी मलाही देऊ नका, असं कोतवालच म्हणतोय म्हटल्यावर बायका हसल्या. “निंबाले बी नका!” असं पोरं एकमेकांना चिडवायला लागली. पण डोक्यात बसलं प्रत्येकाच्या.

चौथ्या दिवशी शाळेत शिबिर झालं. दोन जीपा, एक बॅनर, माझ्याच दुकानात छापलेला. जळगावहून एका चॅनेलचा कॅमेरावाला. तालुक्याहून आलेले अभियानाचे साहेब बोलले पाऊण तास. परकीय शक्ती, अदृश्य युद्ध, प्रत्येक नागरिक हा सैनिक. समोर बसलेल्या बाया उन्हाने कावल्या होत्या. शेवटी साहेब म्हणाले, आता सर्वांची नोंदणी होईल, प्रत्येक कुटुंबाला ‘सायबर सुरक्षित’ प्रमाणपत्र मिळेल. रेशनकार्ड आणि मोबाईल काढा. भूपेंद्र नावाचा ऑपरेटर टॅब घेऊन टेबलाशी बसला आणि पहिल्याच माणसाला म्हणाला, “तुमच्या मोबाईलवर सहा अंकी ओटीपी आला असेल, तो सांगा.”

खोटं वाटेल, पण त्याला यात काही चुकतंय असं वाटलंच नाही. साहेबांनाही नाही. टॅबला ओटीपी लागतो, म्हणून मागितला.

लोकांनी नानाकडे पाहिलं. नाना टेबलापाशी गेला आणि अदबीने म्हणाला, “साहेब, हे आकडे कोणाला देऊ नका, अशी मी चार दिवसांपूर्वीच दवंडी दिली. तुमचाच कागद होता.”

“अहो, तो ओटीपी वेगळा,” साहेब म्हणाले, “हा शासनाचा आहे.”

“चोर बी तेच सांगतो ना साहेब.”

कॅमेरावाला हसला. साहेबांचा चेहरा बदलला. “तुम्हाला यातलं काय कळतं? शंभर टक्के नोंदणी झाली पाहिजे आज. लोकांना समजावणं तुमचं काम आहे, कोतवाल.” आणि नाना, बत्तीस वर्षं साहेबांच्या समोर उभा राहिलेला माणूस, मान खाली घालून लोकांकडे वळला आणि म्हणाला, देऊन टाका. लोकांनी दिले. सरकारशी कोण भांडतं! भूपेंद्र आकडे मोठ्याने म्हणून टॅबमध्ये टाकत होता, सगळ्या शाळेला ऐकू जात होते. मागं बॅनरवर हे एवढ्या अक्षरात: ‘ओटीपी कोणालाही सांगू नका.’ मी तो बॅनर छापला होता आणि फोटोत तो नीट यावा म्हणून टेबल सरकवून घेतलं होतं. शी!

संध्याकाळी यादी पाहिली तर एकच घर राहिलं होतं. भिकुबाई अक्काचं.

भिकुबाईचं वय पंच्याहत्तरच्या पुढं. मुलगा-सून सुरतेला. एकटी राहते, बटनाचा फोन गळ्यात दोरीने अडकवून. ती शिबिराला आलीच नव्हती. साहेबांनी नानाला तिच्या घरी पाठवलं, आणि मी बातमीच्या लोभाने मागं गेलो. नाना दारात उभा राहून म्हणाला, अक्का, फोनवर आकडे आले असतील, ते सांग.

भिकुबाईने फोन पदराखाली झाकला. “तूच सांगं व्हतं ना, मी सोता मांगाले उनू तरी देऊ नका? मंग आते कसाले मांगस?”

नाना हसला. मी त्याला बत्तीस वर्षांत असं हसताना पाहिलं नव्हतं, सगळा चेहरा उजळला त्याचा. “बराबर शे अक्का,” म्हणाला. तिने दिलेला चहा प्यायला आणि परत येऊन साहेबांना सांगितलं, भिकुबाई देत नाही आणि ती देत नाही तेच बरोबर आहे.

तोवर जीप सुरू झाली होती. नव्याण्णव टक्क्यांची बातमी होत नाही, असं मीच साहेबांना म्हणालो. होय, मीच! भूपेंद्र म्हणाला, कोणाचा तरी नंबर टाकून देऊ, ओटीपी येण्याशी मतलब. नाना बाहेर सतरंज्या उचलत होता. मी माझा नंबर सांगितला. माझ्या फोनवर आकडे आले, मी वाचले, भिकुबाई सायबर सुरक्षित झाली. मग नानाच्या हातात ‘शंभर टक्के’ची पाटी देऊन फोटो काढला. त्याने विचारलं, अक्काचं काय झालं? साहेब म्हणाले, झालं ते. दुसऱ्या दिवशी माझी पाच कॉलम बातमी, ‘सायबर शत्रूंना खान्देशचे सडेतोड उत्तर’. चॅनेलवर दोन मिनिटं, मागं युद्धाचं संगीत. वरच्या कार्यालयातून अर्धं पान जाहिरात आली. कमिशन मी घेतलं.

पुढच्या महिन्यात माझ्या फोनवर मेसेज आला की रेशनच्या धान्यासाठी तुमचा ओटीपी अमुक, कोणालाही सांगू नका. मी कुठं रेशन घेतो? मला वाटलं, भामट्यांचं काम. लगेच बातमी ठोकली, ‘रेशनच्या नावाखाली सायबर भामट्यांचा नवा फंडा’. शेवटी आपलं ते वाक्य, नागरिकांनी सतर्क राहावे. चॅनेलने ती उचलली, एका तज्ज्ञाला बसवलं, त्याने यामागं परदेशी टोळी असल्याची शक्यता नाकारता येत नाही असं सांगितलं. परदेशी टोळी म्हणजे कोण, तर रेशन दुकानाच्या पायरीवर पिशवी घेऊन बसलेली भिकुबाई.

जन्मभर कापूस वेचून, निंदणी करून तिच्या अंगठ्याच्या रेषा झिजल्यात. दुकानातलं मशीन तिचा अंगठा घेत नाही. त्यामुळे तिला धान्य मिळायचं ते फोनवर आलेल्या आकड्यांवर. शिबिरात भरलेला नंबर रेशनकार्डालाही जोडला गेला होता, म्हणजे माझा. तिच्या फोनवर काही येईना. दुकानदार म्हणाला, आजी, तुमचा नंबर बदललाय, कोणाला दिला होता का?

त्या वेळी मला हे काहीच ठाऊक नव्हतं. पुढच्या महिन्यात मला तसाच दुसरा मेसेज आला, आणि ती दुसऱ्यांदा रिकामी पिशवी घेऊन परतली आणि वाटेत पारावर नाना भेटला. मी तिथंच पेपर वाटत होतो. ती सगळ्यांसमोर कडाडली, “निंबा, बठ्ठा गावना आकडा तू देवाडात. मना बी नंबर तूच दिधा!”

“अक्का, मी नही दिधा.”

“मंग कोन दी? मी त मना जीव गया तरी नव्हता दिधा!”

पारावर दहा-बारा माणसं होती. अख्ख्या गावाला आकडे द्यायला लावणाऱ्या नानानेच अक्काचाही नंबर दिला, असं त्या सगळ्यांनाच वाटत होतं. शिबिरानंतर गावात फसवणुकीचे फोन वाढले होते, आणि देऊन टाका म्हणणारा शेवटचा आवाज नानाचा होता. नाना सगळ्यांची तोंडं पाहत राहिला. आणि मला तिथंच, हातात पेपर धरलेला असताना, लक्षात आलं की ते दोन्ही मेसेज कोणाचे होते.

मी बोलायला हवं होतं. दोन वाक्यांचं काम होतं. पण बोललो असतो तर खोटी नोंदणी उघडी पडली असती, साहेब अडकले असते, जाहिरात गेली असती, आणि माझी पाच कॉलम बातमी, पुढची परदेशी टोळीची बातमी, दोन्ही माझ्याच तोंडावर येऊन पडल्या असत्या. मी मूग गिळून बसलो. त्या रात्रीपासून जेवण गोड लागलं नाही असं वगैरे काही झालं नाही. लागलं. तीच खरी किळस आहे.

नानाने मात्र स्वतःच्या पोत्यातले गहू-तांदूळ भिकुबाईच्या ओट्यावर नेऊन ठेवले. तिने ते घेतले नाहीत. मग तो तालुक्याला चकरा मारू लागला. खिडकीवर सांगायचे, नंबर बदलायचा तर जुन्या नंबरवर ओटीपी जाईल, तो आणा. जुना नंबर कोणाचा? ते सांगता येत नाही, गोपनीय आहे. हेल्पलाइनला फोन लावला की एक बाई गोड आवाजात सांगायची, आपली माहिती आमच्याकडे सुरक्षित आहे. नाना फोन कानाला धरून “हो ताई, हो ताई” करत ते ऐकायचा. तिसऱ्या चकरेहून आला तेव्हा माझ्या दुकानात येऊन बसला. पाणी दिलं, प्यायला नाही.

“पितू,” म्हणाला, “एक सांग. मी दवंडी चुकीची दिली का रे? अक्काने माझं ऐकलं, तिचं धान्य बंद झालं. ज्यांनी दवंडी मानली नाही, आकडे देऊन टाकले, त्यांना धान्य मिळतंय. मग मीच काहीतरी उलटं समजलो ना?”

माझ्या तोंडात शब्द होते. मी म्हणालो, “सिस्टीमचं आपल्याला काय कळतं नाना.”

त्याने मान हलवली. त्याला उत्तर मिळालं होतं.

आमच्या गावात दवंडी मागे घ्यायची एक रीत आहे. दिलेली दवंडी खोटी निघाली, तर कोतवालाने स्वतः उलटी फेरी करायची. जिथं शेवट केला तिथून सुरुवात, आणि प्रत्येक थांब्यावर टोपी काढून माफी. नानाला बत्तीस वर्षांत एकदाच ती करावी लागली होती, गुरांच्या लसीकरणाचा डॉक्टर आलाच नाही तेव्हा. त्यात त्याची काय चूक होती? पण लोक गुरं घेऊन ताटकळले, म्हणून केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिलाटीकडून डफडं वाजलं. मी दुकान उघडत होतो, ते तसंच सोडून निघालो. मग शाळेच्या फाटकाशी, मग पारावर. चावडीपाशी मी पोचलो तेव्हा नाना टोपी काढून उभा होता, टकलावर घाम. “आयका हो आयका. मांगे मी मोबाईलना आकडासनी दवंडी दिधी व्हती. ते मालेच समजेल नव्हतं. मना शब्द मी मांगे लेस. गावनी माफी मांगस.”

सरकारच्या त्या सगळ्या अभियानात, बॅनरमध्ये, भाषणात, माझ्या बातम्यांत, चॅनेलच्या बोंबलण्यात मिळून एकच गोष्ट खरी बोलली गेली होती, आणि ती बोलणारा माणूस भर चौकात तिची माफी मागत होता. मी दहा फुटांवर. माझ्या खिशात तो फोन.

त्याच दुपारी मी भूपेंद्रला फोन लावला. नंबर बदलायची विनंती टाक, ओटीपी माझ्याकडे येईल, तो सांगतो, कोणाला कळायला नको. पाच मिनिटांत झालं. तीन चकरांत न झालेलं काम दोन चोरांनी पाच मिनिटांत केलं. भूपेंद्रने नानाला कळवलं, सिस्टीममधली चूक होती, दुरुस्त झाली. भिकुबाईला धान्य सुरू झालं. तिचा राग गेला, पोळ्याला तिने नानाकडे पुरणपोळ्या पाठवल्या. सगळं सुरळीत झालं असं कोणीही म्हणेल. पण नाना त्यानंतर कागद घेऊन माझ्याकडे आला नाही. तलाठ्याकडेही विचारायला जात नाही. जे लिहिलंय ते तसंच्या तसं, त्याच जडजंबाल भाषेत, कोणाकडून तरी पाठ करून घेतो आणि म्हणून टाकतो. लोकही थांबत नाहीत.

परवा अभियानाचा दुसरा टप्पा आला. या खेपेस जीपवर भोंगा होता, त्यातून कुठल्या तरी मोठ्या शहरातल्या बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज. नानाचं काम जीपच्या पुढं चालत बकऱ्या हाकलायचं. मी बातमीसाठी कॅमेरा घेऊन मागं होतो. भिकुबाईच्या दारासमोर जीप थांबली. भोंगा म्हणाला, आपला ओटीपी कोणालाही सांगू नका.

भिकुबाई ओट्यावर आली. भोंग्याकडे तिने पाहिलंही नाही. नानाला विचारलं, “निंबा, हाई खरं शे का रे?”

नानाने समोर आलेली बकरी हाकलली. मग म्हणाला, “माले माहीत नही, अक्का.”

मी काढलेला त्या दोघांचा फोटो चांगला आला. आज पहिल्या पानावर आहे.